जरा उलटी करून दाखवा

जुनी पेडल स्टील गिटार हाती आली असं कुणी सांगितलं, की असं वाद्य वर्षानुवर्षं बाळगणारे मालक अभिनंदन मागाहून करतात. आधी म्हणतात, "जरा उलटी करून दाखवा." वरून काय, सगळ्याच देखण्या दिसतात. ठिपक्याठिपक्यांचं मेपल, त्यावर पिवळं पडलेलं लॅकर, शो-बड कंपनीची असेल तर पट्टीवर बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. पण या वाद्याचं पोट उघडं असतं आणि सगळी दुखणी पोटातच असतात. फोटो आला की दहा मिनिटांत निदान सुरू होतं. हा कंस मूळचा नाही. ही सळई कुणीतरी घरी वाकवली आहे. चौथ्या तारेची स्प्रिंग ताणली गेली आहे. आणि इतकं तेल कुणी ओतलं हो?

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगायला हवं. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवरून पोलादाचा तुकडा सरकवून गिटार वाजवायची रीत रुळली. तिचं श्रेय बहुतेक जण जोसेफ केकुकूला देतात. आपल्या कानांना ती ओळखीची आहे. व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांची हवाईयन गिटार ऐकत इथल्या दोन पिढ्या वाढल्या. त्या गिटारीला पेडलं नव्हती. एकदा लावलेले सूर हलत नसत, हलायची ती फक्त हातातली दांडी. अमेरिकेतल्या वादकांना तेवढ्यावर भागेना. तार वाजत असतानाच तिचा सूर पायाने चढवता आला तर? 1954 साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने नेमकं तेच केलं आणि कंट्री संगीताचा कान बदलला.

करामत आपल्या भाषेत सांगायची तर सोपी आहे. दहा तारांच्या ई-नाइन नावाच्या सूरजुळणीत ई हा सा धरा. जी शार्प हा ग, बी हा प. पहिलं पेडल दाबलं की प चढून ध होतो, दुसरं दाबलं की ग चढून म होतो. दोन्ही एकदम दाबली तर सा-ग-प चं सा-म-ध झालं, म्हणजे दांडी जागची न हलवता मध्यमाचा कॉर्ड हाती आला. गुडघ्याने ढकलायच्या तरफा वेगळ्या. त्यांतली एक सा ला कोमल रेषभावर नेते, दुसरी शुद्ध निषादावर उतरवते. डाव्या हातात दांडी, उजव्या हाताच्या अंगठ्यात प्लास्टिकची नखी, दोन बोटांत पत्र्याच्या, डावा पाय पेडलांवर, उजवा आवाजाच्या पेडलवर आणि दोन्ही गुडघे तरफांमध्ये. शरीराचा रिकामा असा भाग उरतच नाही.

हे सगळं घडवून आणणारी यंत्रणा पोटात असते. पेडलला जोडलेली उभी सळई आडव्या दांड्यावरची तरफ फिरवते, ती तरफ लांब सळई ओढते आणि सळई दुसऱ्या टोकाच्या 'चेंजर'मधलं बोट फिरवते. त्या बोटाच्या गोल माथ्यावरून तार गेलेली असते. बोट फिरलं की तार ताणली जाते, स्प्रिंग बोटाला परत आणते. दोन जुळण्यांच्या गिटारीत अशी वीस बोटं, आठ पेडलं आणि चार-पाच गुडघ्याच्या तरफा असतात. शिवणयंत्र आणि सायकल यांचं लग्न लावल्यासारखा हा संसार आहे. घरच्या मंडळींना ती इस्त्रीचं टेबल वाटते ते निराळं.

आता खरी गोम. ही यंत्रणा कोणत्याही दोन कारखान्यांनी एकसारखी केली नाही, आणि पुष्कळदा एकाच कारखान्यानेही दोन वर्षं सारखी ठेवली नाही. पॉल बिग्सबीने 1948 मध्ये वादक स्पीडी वेस्टसाठी गिटार बनवली ती हाताने, गिऱ्हाइकाच्या मापाने. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघांच्या नावांतून नॅशव्हिलमध्ये शो-बड निघाली, आणि तिच्या पोटातले भाग दर काही वर्षांनी पालटत गेले. 1963 मध्ये एमन्स बाहेर पडला आणि रॉन लॅशलीबरोबर त्याने नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनला स्वतःची कंपनी काढली. तिची 'पुश-पुल' रचना अगदीच निराळी, सूर चढवायला बोट ओढायचं आणि उतरवायला ढकलायचं. फेंडरने 1957 पासून सळयांऐवजी बारीक पोलादी दोऱ्या वापरल्या. डॅलसची एमएसए, झेन बेकची झेडबी, प्रत्येकीचं शास्त्र वेगळं. मूळची शो-बड बंद पडून चाळीसेक वर्षं झाली. कंपनीचं सुट्या भागांचं दुकान नाही, आणि फॅक्टरीचं म्हणावं असं दुरुस्तीचं पुस्तकही हाती येत नाही. आपल्याकडे सितार बिघडली तर मिरजेला एक अख्खी गल्ली आहे, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारी. इथे ती गल्ली टेक्सस, टेनेसी, ओहायो, इंग्लंड, हॉलंड अशी विखुरलेली आहे आणि तिच्यातला प्रत्येक जण गिऱ्हाईकही आहे आणि कारागीरही.

म्हणून ही मंडळी एकमेकांना धरून असतात. प्रेमळ स्वभाव हे कारण नव्हे. त्यांतले काही चांगलेच तिरसट असतात. जुन्या शो-बडच्या कंसांचा आणि तरफांचा धातू ठिसूळ, जस्ताचा ओतीव. त्याला पन्नास वर्षांनी केसासारखी चीर जाते. तो भाग मिळायचा तर कुणाच्या तरी डब्यातून, नाहीतर लेथवर बसणाऱ्या कुणा मालकाने अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पितळेचा नवा कापून दिला तरच. आणि माप घ्यायला न मोडलेला नग लागतो, तो तिसऱ्याच्या गिटारीतून काढून टपालाने यावा लागतो. स्वतःची गिटार महिनाभर खोलून ठेवून परक्याला नमुना पाठवणारे लोक आहेत.

नव्या मालकाला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. पेडलांच्या उभ्या सळया सगळ्या आहेत का? त्या दिसायला सारख्या, पण लांबीत पाव-अर्ध्या इंचाचा फरक असू शकतो. अदलाबदल झाली की एक पेडल जमिनीला टेकतं आणि शेजारचं हवेत राहतं. म्हणून काढताना प्रत्येकीला चिकटपट्टीवर आकडा लिहून लावायचा. पाय नीट फिरून बसतात का? वाकडा धरून जोर लावला तर आटे जातात आणि मग गिटार उभीच राहत नाही. प्रत्येक तार पेडल सोडल्यावर मूळ सुरावर येते का? या शेवटच्या प्रश्नाला बहुधा "नाही" हे उत्तर येतं आणि तिथून खरा पत्रव्यवहार सुरू होतो.

तार परत का येत नाही, याची कारणं क्रमाने तपासायची असतात, आणि नवशिके नेमके शेवटून सुरुवात करतात. पहिल्याच दिवशी चेंजर खोलायला घेतात. आधी पेडल सोडलेलं असताना सळई बोटांनी हलवून पाहावी. तिला किंचित ढिलाई हवी. सळईच्या टोकाचा नायलॉनचा नट जास्त आवळला असेल तर बोट आपल्या अडणीला टेकतच नाही, अधांतरी राहतं आणि मोकळा सूर रोज वेगळा लागतो. अशा वेळी आधी नट ढिला करायचा, मोकळी तार खुंटीवरून लावायची आणि मग पेडल दाबून चढलेला सूर नटावरून. ऑल-पुल गिटारीत, म्हणजे जिथे सूर चढवायला आणि उतरवायलाही ओढच असते, हा क्रम उलटा केला तर दिवसभर सूर लावत बसावं. पुश-पुलचा शिरस्ता आणखी वेगळा. तिथे प्रत्येक ओढीत केसभर मोकळीक ठेवण्यातच अर्धं कसब आहे, आणि ती मोकळीक किती हे हाताला कळतं, लिहून सांगता येत नाही. तरी लोक पानंच्या पानं लिहून सांगतात.

सळई ढिली आहे, तरी सूर चुकतो? मग खुंट्यांकडच्या बाजूला बघायचं. तिथे तारा छोट्या चाकांवरून जातात. चाक मळाने अडलं की तार त्यावरून घासत सरकते. खूण पक्की आहे: सूर उतरवून परत आणला की तो किंचित चढा येतो, आणि चढवून परत आणला की किंचित उतरलेला. उतरवताना खुंटीकडच्या तुकड्यातला ताण जास्त राहतो, तो थोडी तार आपल्याकडे खेचून घेतो, आणि घर्षणामुळे ती परत सुटत नाही. चाकं काढून, आस पुसून, ज्याचं त्याच जागी बसवली की निम्मे आजार जातात. ज्याचं त्याच जागी, कारण त्यांच्या खाचा तारांच्या जाडीप्रमाणे कमीजास्त असतात.

चेंजरची पाळी यानंतर. तोही लगेच खोलायचा नाही. जुनं तेल सुकून डिंक झालेला असतो, तो नॅप्थ्याने, म्हणजे सिगारेट लायटरच्या पेट्रोलने, सुटतो. गिटार आडवी करून खाली चिंध्या ठेवायच्या, बोटांच्या फटींत थोडं थोडं सोडायचं, पेडलं आणि तरफा हाताने हलवत राहायच्या. पहिल्यांदा काळं पाणी येतं. तीन-चार वेळा केल्यावर स्वच्छ येऊ लागतं. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नको. थिनर किंवा अ‍ॅसिटोन चुकूनही नको, लॅकर सोलून निघेल. सुकल्यावर प्रत्येक बोटाच्या आसापाशी सुईच्या टोकाने एक थेंब शिवणयंत्राचं तेल. एकच. दुसऱ्या थेंबाने धूळ धरते आणि वीस वर्षांनी कुणीतरी पुन्हा चिंध्या घेऊन बसतो. फवाऱ्याच्या डब्यातलं गंजरोधक मारणाऱ्यांवर ही मंडळी फार चिडतात. ते पातळ द्रव्य मळ सोडवतं खरं, पण उडून गेल्यावर मागे चिकट थर राहतो. चिडतात, आणि मग साफ कसं करायचं तेही सांगतात.

आपल्या कानाला चटकन कळेल असा एक दोष आहे. बोटाच्या माथ्यावर तारेने वर्षानुवर्षं घासून खाच पडली की तार त्या गोलाईवरून नेमक्या एका जागी सुटत नाही, थोडी लांबवर पृष्ठभागाला चाटत राहते आणि झणझण करते. तिकडचे लोक या आवाजाला सरळ सितारचा आवाज म्हणतात, आणि ते बरोबरही आहे: घोडीवर जवारी काढतो ती हीच गोष्ट, फक्त आपण ती मुद्दाम, कानसाने, महिनोन्‌महिने शिकून करतो. त्यांना जवारी घालवायची असते. कृती अशी: ती तार काढायची, 400 नंबरच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी बोटाच्या माथ्यावरून तारेच्याच दिशेने, गोलाई सांभाळत ओढायची, मग 600, 1000, 2000, आणि शेवटी धातूचं पॉलिश. आडवं घासलं तर बारीक रेघा तारेला करवतीसारख्या लागतात. सपाट घासलं तर दोष दुप्पट. खाच खोल असेल तर ती पूर्ण घालवायच्या फंदात पडू नये. माथा खाली गेला की ती तार बाकीच्यांच्या पातळीत राहत नाही आणि दांडी ठेवल्यावर खडखडते. अशा वेळी नवं बोट शोधायचं, म्हणजे पुन्हा कुणाचा तरी डबा.

आणि तिसरी तार. ई-नाइनमधली सगळ्यात उंच, जी शार्पची, 0.011 इंच जाडीची, साधारण 24 ते साडेचोवीस इंच लांबीवर ताणलेली. दुसरं पेडल दाबलं की तीच आणखी चढून ए होते. कुठल्याही दोन मालकांच्या बोलण्यात पाच मिनिटांत ती तुटते. जाड घातली तर टिकेल असं नवख्याला वाटतं. टिकत नाही. लांबी आणि सूर तेच असतील तर धातूवरचा दर चौरस इंचाचा ताण जाडीने बदलत नाही. जाड तारेला ओढावं तेवढं जास्त लागतं, इतकंच. पोलाद आधीच आपल्या मर्यादेच्या जवळ असतं, मग बोटाच्या माथ्यावर पुढेमागे वाकून वाकून थकतं. म्हणून तुटलेली तार फेकायची नाही, कुठे तुटली ते पाहायचं. माथ्यावर तुटली तर खाच किंवा बोचरी कड. गोळीजवळच्या पिळात तुटली तर पीळच वाईट, दुसरी घाला. खुंटीच्या भोकापाशी तुटली तर भोकाची कड घासा. अनुभवी वादक ज्या पेटीवर बसून वाजवतो तिच्यात बाकीच्या तारांचा एकेक संच असतो आणि तिसरीची अर्धा डझन पाकिटं, त्यातली दोन-तीन दुसऱ्याला देण्यासाठीच. उसनी तिसरी तार परत करायला गेलात तर माणूस रागावतो.

भांडणंही आहेत, आणि ती मजेची आहेत. पेडलांची नावं ए, बी, सी. त्यांचा क्रम डावीकडून ए-बी-सी की सी-बी-ए? पहिला एमन्सचा, दुसरा जिमी डे या वादकाचा. घोटा कुठल्या बाजूला सहज वळतो यावर सारं अवलंबून, पण धर्मांतरासारखं बोललं जातं. या मांडणीमुळे एकाची गिटार दुसऱ्याला बसल्या बैठकीला वाजवता येत नाही. कोणतं पेडल कोणती तार किती हलवतं याचा तक्ता प्रत्येकाचा वेगळा, त्याला कोपेडेंट म्हणतात. दोन अनोळखी मालक भेटले की नावाआधी तक्ते विचारतात.

याहून जुना वाद सुरांचा. पियानोच्या पट्टीवर लावलेला गंधार या वाद्यात कर्कश लागतो, कारण सा, ग, प तिन्ही तारा स्थिर, लांबवर, एकत्र वाजत राहतात आणि डोल ऐकू येतो. म्हणून पुष्कळ जण ग सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली लावतात. तंबोरा ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तो स्वयंभू गंधारच आहे. पण मग पेडल दाबून झालेला म आणि ध कुठे ठेवायचा? आणि शेजारी पियानो वाजत असेल तर? काही जण सगळंच्या सगळं पट्टीवर सरळ लावतात आणि उरलेलं दांडीने कानावर सांभाळतात. त्यातच लाकूड दगा देतं. दोन पेडलं जोरात दाबली की अंग किंचित वाकतं आणि ज्या तारांना हात लावला नाही त्याही काही सेंट उतरतात. मोजायचं तर चौथी तार छेडून सूरयंत्राकडे पाहत पहिली दोन पेडलं दाबायची. प्रत्येक गिटार थोडी उतरतेच. किती उतरली ते लोक खरं सांगतात, हे मला या मंडळींचं सगळ्यात आवडतं. विकताना देखील.

सेंट लुइसला डिविट स्कॉट यांनी वर्षानुवर्षं भरवलेलं आंतरराष्ट्रीय स्टील गिटार संमेलन आणि डॅलसला टेक्ससच्या स्टील गिटार संघटनेचा मेळा, या दोन जागांनी हे नातं समोरासमोर आणलं. मंचावर दिग्गज वाजवत. पण ज्यांना अडचण सोडवायची असे ते खाली, उलट्या गिटारीभोवती वाकलेले.

आता मालकांचं वय होत चाललं आहे. कुणी गेलं की घरच्यांच्या हाती तीसेक किलोची एक पेटी येते; किंमत माहीत नसते, उघडायची कशी हेही माहीत नसतं. अशा वेळी ओळखीतला कुणीतरी फोन करतो आणि पहिलं वाक्य हे असतं: सुटे भाग करून विकू नका. चेंजर, बोटं, तारांचा आवाज टिपणारं जुनं पिकअप असं वेगवेगळं विकलं तर पैसे जास्त मिळतात. पण मोडायचीच असेल तर आधीच मोडलेली मोडावी, चालती नव्हे. हा अलिखित नियम तोडणाऱ्याला कुणी काही करू शकत नाही. त्याने पुढच्या वेळी नट मागितला तर मिळत नाही, एवढंच.

गिटार दूरच्या गावी पाठवायची तर पाय, पेडलांची पट्टी आणि उभ्या सळया काढून वेगळ्या गुंडाळायच्या. पेटीत जागा मोकळी राहता कामा नये. आत गिटार बोटभर जरी हलली तरी टोकाची धातूची पट्टी आपल्याच वजनाने लाकूड फोडते. खुंट्यांच्या डोक्याखाली आणि चेंजरच्या बाजूला घट्ट फोम, गुडघ्याच्या तरफा दुमडून बांधलेल्या, तारा थोड्या सैल, पूर्ण काढलेल्या नाहीत. पेटीच्या कड्यांवर पट्टी. पेटीभोवती दुसरं खोकं, मध्ये सगळीकडून दोन इंच. आत एका पाकिटात कोपेडेंटचा तक्ता आणि नटांना बसणारा 3/16 इंचाचा पाना, कारण तोच नेमका हरवतो.

हिवाळ्यात पोचली तर ती खोक्यातच, बंद पेटीत, घराच्या उबेला काही तास, जमल्यास रात्रभर राहू द्यायची. थंड लॅकर एकदम गरम हवेत आलं की तडकतं. पाठवणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो संध्याकाळी फोन करतो तेव्हा वाजते का असं विचारतच नाही.

"पोचली?"

"पोचली. अजून उघडली नाही."

"बरं. सकाळी उलटी कराल तेव्हा सहाव्या तारेची स्प्रिंग बघा. ती माझी नाही. माझ्या आधी ज्याची होती, त्याने घातलेली आहे."